मेहरबाईंचा हिरा, होमींचे किरण

बंगळूरच्या मल्लेश्वरमशी मराठी माणसाची ओळख असते ती काडू मल्लेश्वराच्या देवळामुळे. हा मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीतला. या देवाला गाव इनाम दिल्याचा १६६९ चा शिलालेख व्यंकोजीराजांच्या नावाचा आहे. आजचे मल्लेश्वरम मात्र फार पुढचे. १८९८ मध्ये बंगळुरात प्लेग शिरला, जुन्या पेठांतली दाटीवाटीची घरे ओस पडू लागली आणि शहराच्या वायव्येला आखलेल्या या उपनगराकडे वस्ती सरकली. रुंद रस्ते आणि मोकळी हवा ही इथली शोभा नव्हती, ती साथीच्या रोगाने शिकवलेली शिस्त होती. त्यानंतर दहा-अकरा वर्षांतच, १९०९ मध्ये, मल्लेश्वरमच्या शेजारी म्हैसूर संस्थानाने दिलेल्या ३७१ एकर जागेवर इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स ही संस्था उभी राहिली. जमशेटजी टाटांच्या कल्पनेतून ती निघाली, म्हणून बंगळूरकर आजही तिला टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात.

कॅन्सर आणि त्यावरचे किरणोपचार यांचा भारतातला इतिहास सांगताना सुरुवात सहसा परळच्या टाटा हॉस्पिटलपासून होते. ती बंगळुरातून करायला हवी, असे माझे मत आहे. ज्या बाईंच्या मृत्यूतून परळचे रुग्णालय उभे राहिले त्या बंगळुरात वाढल्या होत्या. त्यांच्या ज्या भाच्याने पुढे हे रुग्णालय अणुशक्तीशी जोडले, त्याची भारतातली वैज्ञानिक कारकीर्द मल्लेश्वरमशेजारच्या याच संस्थेत सुरू झाली. आणि दोन पिढ्यांनंतर भारतीय बनावटीचे किरणोपचाराचे यंत्र कारखान्यात तयार होऊ लागले तेही बंगळुरातच.

आत्या

होरमसजी भाभा हे म्हैसूर संस्थानातले नामांकित शिक्षणाधिकारी. त्यांची मुलगी मेहरबाई १८७९ मध्ये मुंबईत जन्मली. ती पाच वर्षांची असताना कुटुंब बंगळूरला आले आणि तिचे शालेय शिक्षण तिथल्या बिशप कॉटन शाळेत झाले. १८९८ च्या फेब्रुवारीत तिचे लग्न जमशेटजींचे थोरले चिरंजीव दोराबजी यांच्याशी झाले. लेडी मेहरबाई टाटा पुढे टेनिसपटू म्हणून गाजल्या, स्त्रीशिक्षणासाठी झटल्या, बालविवाहबंदीच्या कायद्यासाठी बोलल्या.

दोराबजींनी त्यांच्यासाठी २४५ कॅरेटचा ज्युबिली हिरा विकत घेतला होता. १९२४ मध्ये जमशेदपूरचा पोलाद कारखाना डबघाईला आला, कामगारांचे पगार थकायची वेळ आली, तेव्हा पती-पत्नींनी आपली खासगी मालमत्ता बँकेकडे गहाण टाकली. त्यात हा हिराही होता. कारखाना सावरला, हिरा परत आला.

१९३१ च्या जूनमध्ये मेहरबाई वेल्समधल्या एका शुश्रूषागृहात रक्ताच्या कॅन्सरने वारल्या. वय अवघे ५१. त्या काळी ल्युकेमियावर खात्रीचा इलाज जगात कुठेच नव्हता. दोराबजींनी १९३२ च्या एप्रिलमध्ये पत्नीच्या नावाने ल्युकेमियाच्या संशोधनासाठी विश्वस्त निधी स्थापन केला, आपली उरलेली संपत्ती दुसऱ्या निधीच्या स्वाधीन केली आणि त्याच वर्षी ३ जूनला त्यांनीही जगाचा निरोप घेतला. हिरा विकला गेला आणि त्याची रक्कम सर दोराबजी टाटा ट्रस्टमध्ये जमा झाली. पत्नीला परदेशात जे उपचार मिळाले ते मायदेशातल्या रोग्यांना मिळावेत, ही दोराबजींची इच्छा विश्वस्तांनी उचलून धरली.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटलचे उद्घाटन झाले. सात मजली इमारत, ८० खाटा. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपला सुप्रसिद्ध शोध जाहीर केला तोही २८ फेब्रुवारीलाच, १९२८ मध्ये. योगायोग एवढाच नाही. परळचे दार उघडले त्या दिवशी रामन बंगळूरच्या संस्थेत पदार्थविज्ञान विभागाचे प्रमुख होते आणि मेहरबाईंचा ३१ वर्षांचा भाचा त्यांच्याच विभागात काम करत होता.

भाचा

होमी भाभा १९३९ मध्ये केंब्रिजहून सुट्टीवर मायदेशी आले आणि महायुद्धाने परतीची वाट बंद केली. रामन यांच्या विभागात त्यांना रीडरची जागा मिळाली. अंतराळातून पृथ्वीवर कोसळणाऱ्या विश्वकिरणांचा अभ्यास करण्यासाठी त्यांनी संस्थेत स्वतंत्र पथक उभारले. त्याचा खर्च उचलला सर दोराबजी टाटा ट्रस्टनेच. ज्या तिजोरीतून परळला रुग्णालय उभे राहिले, तिच्यातूनच मल्लेश्वरमशेजारी किरणांचे मूलभूत संशोधन चालले होते. पैसा देणाऱ्यांनी या दोन्ही कामांची एकत्र आखणी केली होती असे नाही. पुढे ती एकत्र आली.

१२ मार्च १९४४ रोजी भाभांनी या ट्रस्टला एक पत्र लिहिले. काही दशकांत अणुशक्तीपासून वीज निर्माण होऊ लागेल, त्या वेळी भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, ते इथेच तयार असावेत, असा त्याचा आशय होता. त्यातून १ जून १९४५ रोजी टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली, तीही प्रथम बंगळुरातच. त्याच वर्षी ती मुंबईला गेली. त्यानंतर १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग, १९५४ मध्ये अणुऊर्जा खाते आणि १९५६ च्या ऑगस्टमध्ये तुर्भ्याला 'अप्सरा' अणुभट्टी, असा हा प्रवास झपाट्याने झाला.

परळची प्रयोगशाळा

इकडे परळला एक वेगळीच माती तयार होत होती. रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख म्हणून डॉ. वसंत रामजी खानोलकर आले होते. लंडनला शिकलेले आणि मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवलेले हे विकृतिशास्त्रज्ञ. विकृतिशास्त्रज्ञाने काचपट्टीवरचा तुकडा पाहावा, निदान लिहावे आणि मोकळे व्हावे, ही रीत त्यांना मान्य नव्हती. हा रोग याच माणसाला, याच जागी का झाला, असे ते विचारत. धोतराची गाठ वर्षानुवर्षे एकाच जागी कंबरेला घासल्याने तिथल्या कातडीला होणारा कॅन्सर त्यांनी नोंदवला. आंध्र किनाऱ्यावर चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढणाऱ्या बायकांच्या टाळूला होणारा कॅन्सरही त्यांनी अभ्यासला. तंबाखू, पान, चुना यांकडे त्यांनी रोगाचे कारण म्हणून बोट दाखवले ते १९४० च्या दशकात. आज गुटख्याच्या विरोधात जे बोलले जाते, त्याची पायाभरणी त्यांनी केली आहे. कॅन्सरविरोधी आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, त्यामागे हे काम होते.

त्यांच्या हाताखाली पुण्याची एक मुलगी कामाला लागली. कमल समर्थ, हुजूरपागेची विद्यार्थिनी, फर्ग्युसनची पदवीधर. लग्नानंतर कमल रणदिवे. एम.एस्सी.साठी त्यांनी सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांवर काम केले होते. मुंबईत आल्यावर त्या उंदरांकडे वळल्या. उंदरांच्या काही जातींत स्तनाचा कॅन्सर सहज होतो, काहींत होत नाही. असे का? अशा चार जातींच्या निरोगी स्तनग्रंथींची तुलना हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय होता आणि १९४९ मध्ये खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी ती मिळवली.

मग त्या अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर पेशी जगवण्याची विद्या तेव्हा बाल्यावस्थेत होती. गाय यांनी एक फिरते पिंप बनवले होते. त्याच्या खाचांत काचनळ्या आडव्या बसवायच्या आणि पिंप अगदी सावकाश फिरवायचे. नळीच्या भिंतीला चिकटलेल्या पेशी कधी पोषक द्रवात बुडत, कधी हवेत येत. द्रवही घरीच बनवायचा. कोंबडीच्या रक्तातला प्लाझ्मा, गाईच्या गर्भाचा अर्क, बाळंतपणातल्या नाळेचे रक्तजल असे ते मिश्रण असे. काचसामान धुण्यात जराशी हयगय झाली की आठवड्यांची मेहनत फुकट जाई. १९५१ मध्ये याच प्रयोगशाळेत हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी वाढवण्यात आल्या आणि त्या मरेचनात. हेला नावाने त्या आजही जगभर वाढत आहेत. हेन्रिएटाबाईंवर रेडियमचे उपचार झाले, पण त्या वर्षीच्या ऑक्टोबरात त्या गेल्या. त्यांच्या पेशी घेताना त्यांची परवानगी विचारली गेली नव्हती, हेही या इतिहासात नोंदवले पाहिजे.

रणदिवे ही विद्या घेऊन परळला परतल्या. १९५२ मध्ये रुग्णालयाच्या जोडीने इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर स्थापन झाले. खानोलकर त्याचे पहिले संचालक. तिथे रणदिवेबाईंनी भारतातली ऊतिसंवर्धनाची पहिली प्रयोगशाळा उभी केली. पुढे त्या या केंद्राच्या प्रमुख झाल्या, १९७३ मध्ये त्यांनी भारतीय स्त्री वैज्ञानिकांची संघटना स्थापन केली आणि निवृत्तीनंतर अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणावर काम केले.

किरण पेशीला काय करतात

पेशी काचेत वाढवण्याच्या या खटाटोपाचा किरणोपचाराशी संबंध काय? फार जवळचा आहे. १९२० च्या दशकात पॅरिसच्या रेडियम संस्थेत क्लॉडियस रेगो यांनी मेंढ्यांवर प्रयोग केले होते. एका दमात किरण दिले तर वृषण निकामी होण्याआधी वरची कातडी भाजून निघे. तेच किरण अनेक दिवसांत थोडे थोडे दिले तर आतले काम होई आणि कातडी टिके. वृषणातल्या भराभर वाढणाऱ्या पेशी त्यांनी गाठीच्या जागी कल्पिल्या. किरणोपचार आठवड्यांवर पसरून देण्याची पद्धत यातून आली. पण ते का घडते हे पेशीच्या पातळीवर मोजायचे तर एकेक पेशी वेगळी वाढवता यायला हवी. १९५६ मध्ये पक आणि मार्कस या अमेरिकी संशोधकांनी हेला पेशींवर क्ष-किरण सोडले आणि किती मात्रेला किती पेशींची वाढण्याची क्षमता नष्ट होते याचा पहिला आलेख काढला. समजुतीपेक्षा कितीतरी कमी मात्रेत पेशी निकामी होतात, हे त्यातून कळले.

किरण पेशीच्या डीएनएचे दोन्ही धागे तोडतात. निरोगी पेशी ही तोडमोड बऱ्याच अंशी रात्रीत दुरुस्त करते. कॅन्सरच्या पेशीची दुरुस्ती बहुधा ढिसाळ असते. दोन मात्रांमध्ये वेळ सोडायचा तो या फरकाचा फायदा घेण्यासाठी. गाठीच्या गाभ्यात प्राणवायू कमी पोचतो आणि तिथल्या पेशी किरणांना दाद देत नाहीत. बाहेरचे थर मेले की आत प्राणवायू पोचतो आणि पुढची मात्रा लागू पडते. उलट मध्येच खंड पडला तर उरलेल्या पेशी जोमाने वाढून गमावलेली जागा भरून काढतात. म्हणून दिवसाला साधारण २ ग्रे (ग्रे हे किरणमात्रेचे एकक), आठवड्याला पाच दिवस, पाच ते सात आठवडे हे गणित बसले. आपल्याकडे रोगी ज्याला 'शेक घेणे' म्हणतात, त्यातल्या प्रत्येक दिवसाला असे कारण आहे.

रुग्णालय अणुऊर्जा खात्यात

१९५१ मध्ये कॅनडात कोबाल्ट ६० वापरून उपचार सुरू झाले. साधा कोबाल्ट अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्यात ठेवला की तो किरणोत्सर्गी होतो आणि खोलवरच्या गाठीपर्यंत पोचणारे गॅमा किरण देतो. त्याच दशकात मद्रासच्या अड्यार कॅन्सर संस्थेत कोबाल्टचे यंत्र आले. अणुभट्टी असलेला देश आपल्या रोग्यांसाठी किरणांचा स्रोत घरीच बनवू शकतो, ही गोष्ट भाभांच्या ध्यानात आल्यावाचून कशी राहील?

टाटा हॉस्पिटल १९५७ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे गेले होते. १९६२ मध्ये भाभांच्या आग्रहाने ते अणुऊर्जा खात्याकडे आले. कॅन्सरचे रुग्णालय आरोग्य खात्याऐवजी अणुऊर्जा खात्याकडे हे आजही अनेकांना कोडे वाटते. पण किरणे, समस्थानिके, मोजमापाची उपकरणे आणि भौतिकशास्त्रज्ञ ज्याच्यापाशी आहेत, त्याच्यापाशीच रोगीही असावा, हा विचार त्यामागे होता. १९६६ मध्ये रुग्णालय आणि संशोधन केंद्र मिळून टाटा मेमोरियल सेंटर झाले. त्याच वर्षी २४ जानेवारीला माँ ब्लाँ पर्वतावर विमान कोसळून भाभा गेले.

खारघर आणि पुन्हा बंगळूर

अणुशक्ती आणि रोगी यांना एकत्र आणण्याच्या या विचाराला यंत्राचे रूप यायला आणखी ४० वर्षे लागली. तोवर कोबाल्ट यंत्रे परदेशातून येत. ती महाग असत, बिघडली की सुट्या भागांची वाट पाहावी लागे. किरणोपचारतज्ज्ञ डॉ. केटायून दिनशॉ टाटा मेमोरियल सेंटरच्या संचालक असताना, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या अभियंत्यांनी बनवलेले पहिले 'भाभाट्रॉन' २००५ मध्ये सेंटरच्याच खारघरच्या अॅक्ट्रेक संस्थेत बसले. संगणकाचे नियंत्रण, किरणांची खिडकी पूर्ण मिटवण्याची सोय, वीज गेली तरी बॅटरीवर काम चालू ठेवण्याची योजना, हे सारे आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या रुग्णालयाकडे पाहून केलेले होते. कोबाल्टचा स्रोत राजस्थानात रावतभाट्याच्या अणुभट्ट्यांत तयार होतो. त्याचे अर्धायुष्य ५.२७ वर्षे, म्हणजे ठरावीक काळाने तो बदलावाच लागतो. तो देशातच मिळतो हा मोठा आधार.

यंत्राचे तंत्रज्ञान बंगळूरच्या पॅनेशिया मेडिकल टेक्नॉलॉजीज या कंपनीला देण्यात आले आणि कारखान्यातून भाभाट्रॉन बाहेर पडू लागले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या कार्यक्रमातून भारताने एक यंत्र व्हिएतनामला भेट दिले. भाभांनी १९४४ च्या पत्रात तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये असे म्हटले होते. इथे दुसरा देश आपल्याकडे पाहत होता.

बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्येही काम थांबलेले नाही. तिथल्या बायोकेमिस्ट्री विभागाची एक मराठी आठवण आहे. १९३३ मध्ये कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, तिथे शिकायला आल्या तेव्हा त्या मुलगी आहेत म्हणून रामन यांनी प्रवेश नाकारला होता. त्यांनी हट्ट सोडला नाही आणि त्या आत गेल्या. त्याच विभागात आता डॉ. सतीश राघवन यांचा गट पेशी तुटलेला डीएनए कसा सांधते याचा शोध घेतो. २०१२ मध्ये त्यांनी 'सेल' या नियतकालिकात एका रसायनाबद्दल लिहिले. तुटलेली टोके जोडणाऱ्या लायगेज ४ या विकराला ते रोखते आणि उंदरांच्या गाठींवर किरणांचा परिणाम वाढवते, असे त्यांना आढळले. या रसायनाची रचना आणि त्याचा नेमका परिणाम यांवर पुढे शास्त्रज्ञांत मतभेद झाले आणि ते अजून रोग्याच्या औषधापर्यंत पोचलेले नाही. पण प्रश्न मोलाचा आहे: गाठीची दुरुस्ती तेवढी बंद पाडता आली तर किरणांची मात्रा कमी करता येईल का?

रोग्याच्या बाजूनेही उत्तरे येत आहेत. टाटा मेमोरियलने गर्भाशयमुखाच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या ८५० स्त्रियांची चाचणी केली. किरणांच्या जोडीला सिस्प्लॅटिन हे औषध दिल्याने अधिक जणी वाचतात, हे तिने २०१८ मध्ये दाखवले. खारघरच्या डॉ. सुप्रिया चोप्रा आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेनंतर किरण घेणाऱ्या ३०० स्त्रियांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. रोज प्रतिमा पाहून, आतड्यांना चुकवून किरण दिले तर तीन वर्षांत आतड्यांचा मध्यम किंवा तीव्र त्रास २१ टक्के स्त्रियांना झाला. जुन्या पद्धतीत तो ४२ टक्क्यांना झाला होता. याचा साधा अर्थ असा की उपचार संपल्यावर या बायकांना शेतावर जाता येते, एसटीत बसता येते, चारचौघांत जेवता येते. २०२३ मध्ये खारघरलाच प्रोटॉन किरणांचे केंद्रही सुरू झाले.

या साऱ्यातून एक निष्कर्ष मला ठामपणे काढावासा वाटतो. जिथे प्रयोगशाळा आणि वॉर्ड एकमेकांपासून दूर गेले, तिथे किरणोपचार नुसते यंत्र चालवणे होऊन बसले. जिथे खानोलकरांसारखा माणूस रोग्याच्या कंबरेची गाठ पाहून प्रश्न विचारत राहिला, रणदिवेबाई उंदरांच्या ग्रंथींतून उत्तर शोधत राहिल्या, भाभांनी अणुभट्टीशेजारी रोग्याला जागा दिली, तिथेच उपचार सुधारले. नव्या कॅन्सर रुग्णालयांच्या कोनशिला बसवणाऱ्यांनी इमारतीबरोबर संशोधनाची आणि भौतिकशास्त्रज्ञांचीही तरतूद केली पाहिजे.

आणि वाचकांना एक विनंती. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, किंवा पाळी थांबलेल्या बाईला पुन्हा रक्तस्राव झाला, तर लाजू नका, लगेच तपासून घ्या. घरात कुणाचे किरणोपचार चालू असतील तर पेरणी, लग्नकार्य किंवा 'आता बरे वाटते' म्हणून ते मध्येच सोडू देऊ नका. जाण्यायेण्याची आणि मुक्कामाची अडचण असेल तर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाशी बोला. ठरलेले सगळे दिवस पूर्ण करणे हा उपचाराचाच भाग आहे.